रिकाम्या डब्याचा खर्च

लंडनहून मँचेस्टर, ब्रिस्टल किंवा एडिंबरोला निघालेल्या गाडीत तिकीट काढूनही उभ्याने जावे लागले, की ब्रिटनमध्ये गेली तीसएक वर्षे दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक असे की लोकांना रेल्वे पुन्हा आवडू लागली आहे, गर्दी ही त्या यशाचीच खूण. दुसरे असे की जगात सर्वांत आधी रेल्वे बांधली ती ब्रिटनने. त्यामुळे तिथले बोगदे अरुंद, पूल ठेंगणे आणि फलाट आखूड राहिले, आता त्याला इलाज नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. माणसे जास्त आली की गर्दी होते हे उघड आहे. पण किती माणसे आल्यावर गाडी भरली म्हणायचे, आणि त्याहून जास्त येणार हे ठाऊक असताना जादा डबा तयार ठेवायचा की नाही, हे कोणीतरी ठरवत असते. जादा डबा वर्षातले बरेच दिवस रिकामा धावतो किंवा यार्डात पडून राहतो; त्याच्यावरचा खर्च मात्र चालूच असतो. तो कोणी सोसायचा, या प्रश्नाभोवती ब्रिटिश प्रवाशाच्या सुखसोयींचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास फिरला आहे. कायद्याने, स्पर्धेने किंवा सरकारी तिजोरीने जेव्हा जेव्हा हा भार कोणाच्या तरी अंगावर टाकला, तेव्हा प्रवाशाला बसायला मिळाले. तो कोणाचाच नाही असे ठरले, तेव्हा प्रवासी उभा राहिला.

सुरुवातीच्या कंपन्यांना गरीब प्रवासी नकोच होता. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग १८३० मध्ये सुरू झाला तो व्यापारी आणि सुखवस्तू माणसांच्या भरवशावर. स्वस्त भाड्याने माणसे नेली तर महाग तिकीट घेणारेही खालच्या वर्गात उतरतील, ही भीती संचालकांच्या मनात पक्की होती, म्हणून खालचा वर्ग मुद्दाम गैरसोयीचा ठेवला जाई. मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना ना छप्पर होते ना बाक. ‘स्टॅनहोप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उघड्या वाघिणीत आडवे-उभे दांडे घालून कप्पे पाडलेले असत आणि माणसे त्यांना धरून उभी राहत. काही ठिकाणी पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तळाला भोके पाडलेली असत. ग्रेट वेस्टर्न रेल्वे तर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी मालगाडीला जोडूनच नेई. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे अशीच एक गाडी पॅडिंग्टनहून निघाली. इंजिनामागे प्रवाशांच्या दोन उघड्या वाघिणी होत्या, त्यांच्या मागे मालाचे डबे. रेडिंगजवळ सोनिंगच्या खिंडीत पावसाने खचलेली माती रुळांवर आली होती. इंजिन तिच्यात घुसले, मागच्या मालडब्यांनी या वाघिणी चिरडल्या आणि जेमतेम दोन फूट उंचीच्या कडांवरून माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच मेले. त्यातले बरेच गवंडी होते. लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत उभी राहत होती, तिथले काम आटोपून ते नाताळासाठी घरी चालले होते.

या अपघाताच्या चौकशीनंतर, व्यापार मंडळाचे अध्यक्ष असलेल्या ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८४४ चा रेल्वे कायदा आला. नव्या प्रवासी मार्गांवर रोज दोन्ही दिशांना किमान एक गाडी अशी सोडायची की जी प्रत्येक स्थानकावर थांबेल, थांबे धरून ताशी १२ मैलांपेक्षा मंद धावणार नाही, मैलाला एक पेनीपेक्षा जास्त भाडे घेणार नाही, आणि जिच्यात बसायला जागा व डोक्यावर छप्पर असेल. प्रत्येक प्रवाशाला ५६ पौंड सामान फुकट. बदल्यात सरकारने अशा गाड्यांच्या उत्पन्नावरचा प्रवासी कर माफ केला. या व्यवहाराकडे नीट पाहायला हवे. गरीब प्रवाशाच्या बाकाचा आणि छपराचा खर्च सरकारने कर सोडून उचलला, तेव्हा कुठे तो बाक आणि ते छप्पर आले. कंपन्यांनी त्यातही हात आखडता घेतला. ‘पार्लमेंटरी’ गाड्या अडनिड्या वेळांना सोडल्या, डबे अंधारे ठेवले, खिडक्या लहान ठेवल्या. कायद्याने किमान जे मागितले तेवढेच मिळाले, त्याहून तसूभर जास्त नाही. तरीही लांबचा प्रवास बसून करता आला पाहिजे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा लिहिले गेले.

पुढचे पाऊल मात्र कोणा कायद्याने उचलले नाही. ते उचलले मिडलंड रेल्वेने, आणि तेही स्वार्थासाठी. लंडनच्या सेंट पँक्रसपर्यंत या कंपनीचा मार्ग १८६८ मध्ये पोचला. तोवर उत्तरेकडचे सरळ, वेगवान मार्ग प्रतिस्पर्ध्यांनी आधीच ताब्यात घेतले होते. वेगात त्यांना गाठणे कठीण, तेव्हा सरव्यवस्थापक जेम्स ऑलपोर्ट यांनी प्रवाशाला डब्यात जिंकायचे ठरवले. एप्रिल १८७२ पासून मिडलंडच्या सर्व गाड्यांत, जलद गाड्यांतसुद्धा, तिसऱ्या वर्गाला प्रवेश मिळाला. १ जानेवारी १८७५ पासून दुसरा वर्गच रद्द झाला, पहिल्या वर्गाचे भाडे दुसऱ्याच्या पातळीवर आले आणि तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसल्या. बाकीच्या कंपन्या खवळल्या. त्यांचा हिशोब सरळ होता: स्वस्त तिकिटावर गादी दिली तर महाग तिकीट घेणार कोण? प्रत्यक्षात झाले ते उलटेच. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी इतक्या संख्येने वाढले की नाके मुरडणाऱ्या कंपन्यांनाही एकामागून एक त्याच वाटेने जावे लागले, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमधल्या दर शंभर प्रवाशांतले नव्वदहून अधिक तिसऱ्या वर्गाचे होते. लाकडी बाकावरच्या गरीब माणसाला दिलेली ही सोय आपल्या कारकिर्दीतले सर्वांत समाधानाचे काम असल्याचे ऑलपोर्ट उतारवयात सांगत.

मराठी वाचकाला इथे मधू दंडवते आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबई–ठाणे मार्ग ज्या जीआयपी रेल्वेने १८५३ मध्ये सुरू केला ती लंडनच्या भागधारकांची कंपनी होती. भांडवलावरच्या ५ टक्के परताव्याची हमी तिला भारतीय तिजोरीतून मिळत होती, आणि तिचे प्रवासी उत्पन्न मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या खच्चून भरलेल्या डब्यांतून येत होते. ग्लॅडस्टन आणि ऑलपोर्ट यांनी मायदेशी जे घडवले ते इथे पोचायला फार उशीर लागला. राजापूरचे खासदार दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. मिडलंडच्या गाद्यांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी! तिकडे स्पर्धेने जे केले ते इकडे एका समाजवादी मंत्र्याच्या आग्रहाने झाले, पण दोन्हीकडे हिशोब तोच मोडावा लागला: स्वस्त तिकिटाला सुख परवडत नाही हा हिशोब.

स्पर्धेने सुख येते हे मान्य केले तर प्रश्न उरतो की कशातल्या स्पर्धेने. लंडन–स्कॉटलंड मार्गाचा इतिहास याचे फार चांगले उत्तर देतो. १८८८ आणि १८९५ च्या उन्हाळ्यांत पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कंपन्यांनी वेगाच्या शर्यती लावल्या. वेळ मिनिटामिनिटाने कमी करायचा तर गाडी हलकी हवी. गाडी हलकी करायची तर डबे कमी. वर्तमानपत्रांतून जयजयकार झाला तो वेगाचा. शर्यतींचा धोका ध्यानात आल्यावर कंपन्यांनी आपसात ठरवले की दिवसाच्या गाड्यांनी लंडन–एडिंबरो अंतर सव्वाआठ तासांहून कमी वेळात कापायचे नाही. हा समझोता थेट १९३२ पर्यंत टिकला. वेगाचे दार बंद झाल्यावर कंपन्यांना प्रवाशासाठी डब्यातच लढावे लागले, आणि ब्रिटिश गाडीतले बहुतेक सुख या काळात आकाराला आले: डब्याडब्यांतून जाता येईल असा बोळ, सर्वांच्या आवाक्यातले स्वच्छतागृह, तिसऱ्या वर्गासाठी भोजनयान, वाफेची उष्णता, विजेचे दिवे. ग्रेट वेस्टर्नने १८९२ मध्ये बोळाने जोडलेली पहिली सबंध गाडी सोडली. त्याआधी कप्प्यात शिरलेला माणूस पुढच्या थांब्यापर्यंत तिथेच कोंडलेला असे. १८६४ मध्ये लंडनच्या एका लोकल गाडीत थॉमस ब्रिग्ज या बँकेतल्या अधिकाऱ्याचा बंद कप्प्यात खून झाला, तेव्हा साऱ्या देशाला या कोंडीची धास्ती बसली आणि चार वर्षांनी कायद्याने गार्डला इशारा देण्याची दोरी सक्तीची केली. बोळ आल्यावर ही कोंडी फुटली.

बोळाची किंमत जागांत मोजावी लागली. डब्याची रुंदी ठरलेली. त्यातला दोनएक फूट पट्टा चालायला गेला की बाक तेवढे आखूड होणार. स्वच्छतागृहाने आणखी दोन-चार जागा खाल्ल्या. भोजनयान जोडले तर तेवढे वजन ओढायचे, पण त्यासाठी वेगळे तिकीट कोणी काढत नाही. माणशी किती टन वजन ओढावे लागते हा आकडा सतत वाढत गेला आणि कंपन्यांचे अभियंते त्यावर कुरकुरत राहिले. प्रवासाचे सुख म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही: ज्यावर तिकीट विकता येत नाही अशी जागा. सरकारी मालकीच्या ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासून बांधलेल्या ‘मार्क १’ डब्यांत हे अगदी हाताने चाचपता येते. बोळाच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात आठ कप्पे. लंडन मिडलंड विभागासाठी बांधलेल्या डब्यांत, जुन्या एलएमएस कंपनीच्या पद्धतीप्रमाणे, आसनांच्या मधे हात टेकायला दांड्या होत्या. त्यामुळे समोरासमोर तीन-तीन असे सहा जण बसत आणि डबा ४८ जणांचा होई. बाकीच्या विभागांना दांड्या नकोत असे वाटले. तोच डबा, तेच आठ कप्पे, तीच गादी. पण समोरासमोर चार-चार माणसे, म्हणजे ६४. दांडी असली तर कोपर टेकवून वर्तमानपत्र वाचता येते, पेंगुळलेला शेजारी आपल्या खांद्यावर कलंडत नाही. एवढ्या सुखासाठी डब्यामागे सोळा तिकिटे सोडून द्यायची की नाही, यावर एकाच सरकारी रेल्वेच्या विभागांनी दोन वेगळे निर्णय घेतले. गर्दी आपोआप होत नाही, ती आखली जाते, असे म्हणतो ते याच अर्थाने.

आणि तरीही त्या काळातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या एरवी माणसे सामावून घेत, कारण जादा डबे हाताशी होते. दुसऱ्या महायुद्धाचा अपवाद केला पाहिजे. तेव्हा पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर वीसहून अधिक डब्यांच्या गाड्या धावूनही सैनिक बोळात किटबॅगांवर बसून जात आणि हा प्रवास खरोखर गरजेचा आहे का, असे सरकारी भित्तिपत्रके विचारत. युद्धानंतर भरपगारी सुट्टीमुळे कामगार कुटुंबे उन्हाळ्यातल्या शनिवारी समुद्रकाठी निघू लागली. लँकेशायरमधल्या एखाद्या गिरणगावातल्या साऱ्या गिरण्या एकाच आठवड्यात बंद राहत आणि गावच्या गाव ब्लॅकपूलला जाई. वॉटर्लूहून सुटणारी अटलांटिक कोस्ट एक्सप्रेस अशा शनिवारी एक गाडी राहत नसे. पाठोपाठ सुटणाऱ्या कितीतरी गाड्या त्या नावाने धावत. त्यांना लागणारे डबे हिवाळाभर देशभरच्या साइडिंगांत उभे असत. जुने, थोडे मळके, कुठे गादीचा कापूस बाहेर आलेला. पण माणसाला बसवून नेणारे.

हे डबे ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी मोजले. त्यांचे नाव १९६३ च्या अहवालामुळे बंद पडलेल्या शाखामार्गांशी कायमचे जोडले गेले आहे. डब्यांवरचा त्याच अहवालातला भाग मात्र फारसा कोणी आठवत नाही, आणि आजच्या गर्दीचे मूळ शोधायचे तर तिथेच शोधावे लागते. १९५९ च्या सुरुवातीला जलद आणि निमजलद गाड्यांसाठी १८,५०० डबे होते. त्यांपैकी वर्षभर नियमित धावणारे केवळ ५,५०० होते. सहा हजार डबे तर असे होते की ज्यांची गरज वर्षातून जास्तीत जास्त अठरा वेळा पडे. त्यातल्या दोन हजारांची तर दहापेक्षा जास्त वेळा नाही. या सहा हजारांवर वर्षाला ३४ लाख पौंड खर्च होई, आणि गाड्या चालवण्याचा बाकी खर्च वजा जाता ते मिळवून देत फक्त ५ लाख. बीचिंग यांनी काढलेला निष्कर्ष कोणत्याही हिशोबनिसाने काढला असता: हे डबे ठेवू नयेत, उन्हाळ्यातली गर्दी भाड्याने आणि आरक्षणाने आटोक्यात ठेवावी. हजारो डबे भंगारात गेले.

त्यांचा हिशोब चुकलेला नव्हता, हे आधी मान्य करू. तोट्यात बुडत चाललेल्या सार्वजनिक संस्थेने वर्षातले साडेतीनशे दिवस उभे राहणारे डबे का पोसावेत, हा रास्त प्रश्न होता. पण त्या हिशोबात एक गोष्ट धरलेली नव्हती. जादा डब्याचा फायदा त्याच्या स्वतःच्या दहा फेऱ्यांच्या तिकिटांत मावत नाही. कधीही स्थानकावर गेलो तरी बसायला मिळेल, हा भरवसा वर्षभराच्या साऱ्या तिकिटांना चिकटलेला असतो. गावातल्या अग्निशामक बंबाचे मोल वर्षात किती आगी लागल्या यावरून कोणी काढत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी चार तास दाराशी उभे राहिलेले कुटुंब पुढच्या वर्षी मोटार घेते, आणि ती घेतल्यावर उरलेल्या ३६४ दिवसांचीही तिकिटे जातात. हा तोटा कोणत्याच रकान्यात दिसत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून हेच मोठ्या प्रमाणावर घडले.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे ब्रिटिश रेल्वेच्या सुखाचा कळस मानली जातात आणि ते खोटे नाही. १९६६ मध्ये युस्टनहून मँचेस्टर-लिव्हरपूलकडे विजेवर गाड्या धावू लागल्या आणि ‘इंटरसिटी’ हे नाव घरोघरी पोचले. ४ ऑक्टोबर १९७६ रोजी पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे ताशी १२५ मैल धावणारी डिझेल गाडी सुरू झाली. तिचे ‘मार्क ३’ डबे २३ मीटर लांब, हवेच्या स्प्रिंगांवर तरंगणारे आणि दोन्ही वर्गांत वातानुकूलित. जादा भाडे नव्हते. साध्या तिकिटावर इतका शांत, इतका झुलता प्रवास त्याआधी कोणी दिला नव्हता. पण याच गाडीत दोन गोष्टी दडलेल्या होत्या. दोन्ही वर्गांसाठी डब्याचा सांगाडा एकच होता आणि त्याच्या खिडक्या पहिल्या वर्गाला जुळवून पाडलेल्या होत्या. पहिल्या वर्गात टेबलाभोवतीच्या आठ रांगा, आठ खिडक्या, ४८ आसने. दुसऱ्या वर्गात त्याच आठ खिडक्यांपुढे नऊ रांगा, ७२ आसने. साहजिकच काहींच्या वाट्याला खिडकीऐवजी भिंत आली. पुढे खासगी काळात टेबले काढून, विमानासारखी एकामागे एक आसने लावून, काही गाड्यांत याच डब्यात ८० च्या वर माणसे बसवली गेली, तेव्हा भिंतीकडे पाहत जाणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दोन टोकांना इंजिने आणि मधे ठरलेले सात-आठ डबे अशी ही बंदिस्त गाडी होती. शुक्रवारी संध्याकाळी यार्डातून दोन डबे आणून शेपटीला जोडायचे, ही पिढ्यान्पिढ्यांची सवय तिने संपवली. जादा डबे आधी हिशोबातून गेले होते, आता ते तांत्रिकदृष्ट्याही जोडता येईनात.

१९९३ च्या कायद्याने रेल्वेचे खासगीकरण झाले, तेव्हा रिकाम्या डब्याचा खर्च पहिल्यांदा दरमहा बिलाच्या रूपाने समोर आला. डबे तीन भाडेकंपन्यांकडे गेले, गाड्या चालवणाऱ्या कंपन्या काही वर्षांच्या कंत्राटावर आल्या, आणि प्रत्येक डब्यामागे भाडे द्यावे लागू लागले. सात-दहा वर्षांत निघून जाणाऱ्या कंपनीने वीस वर्षांनी फळणाऱ्या भरवशासाठी पदरचे पैसे का घालावेत? क्रॉसकंट्री मार्गांवर याचा परिणाम ठळक दिसला. हे मार्ग लंडनला वळसा घालून कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत जातात. व्हर्जिन कंपनीने इथल्या सात-आठ डब्यांच्या जुन्या गाड्यांच्या जागी चार आणि पाच डब्यांच्या नव्या ‘व्हॉयेजर’ गाड्या आणल्या आणि सप्टेंबर २००२ मध्ये फेऱ्या जवळपास दुप्पट केल्या. कागदावर एकूण जागा कमी झाल्या नव्हत्या. पण प्रवासी वेळापत्रकाप्रमाणे सारखे विभागले जात नाहीत. शुक्रवारी दुपारी तीन ते सात या वेळात ते एकदम येतात आणि तेव्हा चार डब्यांची गाडी चारच डब्यांची राहते. प्रत्येक डब्याखाली डिझेल इंजिन, टोकांना सुरक्षेचे जाड सांगाडे, भलीमोठी स्वच्छतागृहे. त्यामुळे आतली जागा आणखी आटली. पहिल्या दिवसापासून माणसे दाराशी उभी राहू लागली, गाड्या उशिरा धावू लागल्या, आणि वर्षभरात वेळापत्रकातून बऱ्याच फेऱ्या कापाव्या लागल्या.

यावर पहिला आक्षेप संख्येचा घेतला जातो. १९९४–९५ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेवर ७३.५ कोटी प्रवास झाले, २०१८–१९ मध्ये सुमारे १७५ कोटी. इतकी वाढ कोणाच्या ध्यानीमनी होती? कबूल, सुरुवातीला नव्हती. पण व्हॉयेजर आले तोवर वाढीची सात-आठ वर्षे उलटून गेली होती, आणि नंतरच्या दोन दशकांतही त्या गाड्या आहेत तितक्याच आखूड राहिल्या. याउलट पश्चिम किनाऱ्याच्या मार्गावर सरकारने पैशाची सोय केल्यावर २०१२ च्या सुमारास नऊ डब्यांच्या बऱ्याच पेंडोलिनो गाड्या अकरा डब्यांच्या झाल्या. खर्चाला धनी मिळाला की डबे मिळतात, हे त्याच देशात, त्याच काळात सिद्ध झाले आहे.

दुसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांचा: गर्दी म्हणजे चुकलेली किंमत, गर्दीच्या वेळी भाडे वाढवा म्हणजे माणसे आपोआप पांगतील. ब्रिटनमध्ये हे करून पाहिले गेले आहे. युस्टनवर वर्षानुवर्षे असे होत आले की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत सुटणाऱ्या महाग गाड्या अर्ध्या रिकाम्या जायच्या आणि स्वस्त तिकीट चालू झाल्यावरची सातच्या सुमाराची पहिली गाडी तुडुंब भरायची. भाड्याने गर्दी कमी केली नाही, तिला एका गाडीत कोंबले. आगाऊ तिकिटे आणि आरक्षण यांनीही सुटका होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन न्यूकॅसलच्या गाडीत फरशीवर बसून गर्दीबद्दल बोलले. कंपनीने कॅमेऱ्याची चित्रे दाखवून जागा रिकाम्या होत्या असे सांगितले. पत्नीसह एकत्र बसायला जागा मिळेना, असे त्यांचे उत्तर होते. सारा देश कोण खरे बोलतो यावर भांडला. पण आरक्षणाची खूण असलेली, मालक न आलेली जागा एकाच वेळी रिकामीही असते आणि व्यापलेलीही. ज्या गाडीत मोकळी जागा इतकी मोजून ठेवलेली असते, तिच्यात दोन्ही बाजू खरे बोलत असू शकतात. फ्रान्सच्या टीजीव्हीप्रमाणे आरक्षण सक्तीचे करावे म्हटले, तर कोणी उभे दिसणार नाही हे खरे. पण जागा न मिळालेले प्रवासी मग फलाटावर किंवा घरी राहतील. ब्रिटिश प्रवाशाला ऐनवेळी तिकीट काढून मिळेल त्या गाडीत चढण्याची सवय आहे, आणि ही मोकळीक रेल्वेने मोटारीशी टक्कर देताना राखलेला सर्वांत मोलाचा गुण आहे असे मी मानतो.

आसनांबद्दलचा आक्षेप वेगळा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पॅडिंग्टनहून हिताचीच्या नव्या गाड्या धावू लागल्या. डबे २६ मीटर लांब, गाडी वेगवान. पण आसने इतकी कडक की तक्रारींचा पाऊस पडला, आणि ग्रेट वेस्टर्नच्या गाड्यांतून खाण्यापिण्याचा काउंटरही गेला. त्यावर आगीच्या नियमांकडे बोट दाखवले गेले. हे नियम हवेतच. १९७८ मध्ये टाँटनजवळ शयनयानाला आग लागून बारा जण गेले, त्यानंतर डब्यातल्या सामानाची ज्वलनशीलता गांभीर्याने घेतली गेली आणि त्याने जीव वाचले आहेत. अपंगांना चाकाच्या खुर्चीसह वापरता येणारी मोठी स्वच्छतागृहेही तशीच हक्काची. त्यांनी खाल्लेल्या जागांबद्दल तक्रार करणे चूक आहे. पण त्याच गाडीतल्या पहिल्या वर्गाला तेच अग्निनियम लागू आहेत आणि तिथले आसन जास्त ऐसपैस आहे. मग दोन आसनांमधला फरक आगीने केलेला नाही. तो जागेचा आणि पैशाचा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप करदात्याचा. लांब पल्ल्याच्या गाडीत बसणारे लोक सरासरीपेक्षा सुखवस्तू. त्यांना कोपर टेकायला मिळावे म्हणून वेल्समधल्या खेड्यात बसने जाणाऱ्याने पैसे का मोजावेत? हा प्रश्न टाळता येत नाही. पण गर्दीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. महिनाभर आधी तारीख पक्की करू शकणारा, पहिल्या वर्गाचे तिकीट परवडणारा, कामाच्या दिवशी दुपारी प्रवास करू शकणारा माणूस गर्दीतून सुटतोच. उभा राहतो तो ऐनवेळी सुट्टी मिळालेला, आजारी आईकडे निघालेला, मुलाबाळांसह शुक्रवारी संध्याकाळीच निघू शकणारा. लंडनच्या उपनगरी गाड्यांतली गर्दी मोजताना वीस मिनिटांपेक्षा जास्त उभे राहावे लागू नये, अशी मर्यादा ब्रिटिश रेल्वेच्या जगात दीर्घकाळ मानली गेली. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला तेवढेही संरक्षण नाही. बसमध्ये किती जणांनी उभे राहावे याला कायदा आहे, रेल्वेच्या डब्याला नाही. आणि आरक्षण नसलेले तिकीट जागेची हमी देत नाही, असे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले असते.

राहता राहिले ठेंगणे पूल आणि अरुंद बोगदे. ब्रिटनमध्ये दुमजली गाडी चालत नाही हे खरे. १९४९ मध्ये लंडनच्या डार्टफर्ड मार्गावर ऑलिव्हर बुलीड यांनी तसा प्रयोग केला, पण आतला कोंदटपणा आणि चढण्या-उतरण्याला लागणारा वेळ यांमुळे तो दोन गाड्यांपुढे गेला नाही. म्हणजे उरते ती लांबी आणि नवे रूळ. नव्या रुळांचे काय झाले ते ताजे आहे. एचएस-२ हा मार्ग जुन्या पश्चिम किनारी मार्गावरचा ताण हलका करण्यासाठी आखला होता. त्याचा बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरपर्यंतचा भाग पंतप्रधान सुनक यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, मँचेस्टरमध्येच भाषण करून रद्द केला. आता उत्तरेकडे जुन्याच रुळांवरून आणि जुन्याच फलाटांना लागणारी २०० मीटरची एकेरी गाडी जाणार. अकरा डब्यांची पेंडोलिनो सुमारे २६५ मीटर लांब आहे. हजारो कोटी पौंड ओतून मँचेस्टरच्या प्रवाशाला आजच्यापेक्षा कमी जागांची गाडी मिळण्याची ही शक्यता आहे, आणि तिचे कारण व्हिक्टोरियन बोगद्यांत शोधता येणार नाही.

गाड्या चालवणाऱ्या कंपन्या २०२४ च्या कायद्याने पुन्हा सरकारच्या ताब्यात येत आहेत आणि ग्रेट ब्रिटिश रेल्वेज या नावाची एकच सार्वजनिक संस्था उभारायचे ठरले आहे. मालकी बदलली म्हणून गर्दी कमी होणार नाही. जादा डबे मोडीत काढले होते तेही सरकारी रेल्वेनेच. फरक पडायचा असेल तर लांब पल्ल्याच्या प्रत्येक मार्गासाठी किती राखीव डबे ठेवायचे हे त्या संस्थेच्या जबाबदारीत लिहिले गेले पाहिजे आणि त्यासाठीचा पैसा वेगळा काढून ठेवला पाहिजे. डबे किती ठेवले, वर्षातून किती दिवस लागले, खर्च किती आला, हे तीन आकडे दर वर्षी लोकांसमोर यावेत, आणि त्यांच्या शेजारी चौथा: किती माणसांनी किती वेळ उभ्याने प्रवास केला. पहिले तीन आकडे बीचिंग यांनी १९६३ मध्येच छापून दाखवले होते. चौथा मोजायची साधने आज प्रत्येक नव्या डब्यात बसवता येतात.